केस : शरीराचे खबरपत्र
(मंडळाच्या वार्षिक स्नेहसंमेलनात भिवंडी येथे दिलेल्या भाषणाचा मजकूर)



मंडळाच्या महिला शाखेने यंदा आम्हांस ‘केसांची निगा’ हा विषय नेमून दिला, तेव्हा आम्ही प्रथम आरशात पाहिले आणि मग चिटणीसबाईंकडे. आमच्या डोक्यावर आता जे काही उरले आहे, ते मोजावयास पहिलीतल्या मुलासही फार वेळ लागणार नाही. तसे आम्ही बोलूनही दाखविले. त्यावर बाई म्हणाल्या, “गुरुजी, ज्याचे गेले, त्यालाच मोल ठाऊक.” या युक्तिवादापुढे आम्ही निरुत्तर झालो. जे थोडे उरले आहेत ते उन्हात पांढरे झालेले नाहीत, एवढीच आमची पात्रता समजावी.

आम्ही वैद्य नव्हे, डॉक्टर नव्हे. मॅट्रिक होऊन मास्तरकी पत्करलेला माणूस. परंतु तीस-पस्तीस वर्षे आम्ही मुलांची डोकी पाहिली, आतून आणि बाहेरूनही. त्यातील एका डोक्याची गोष्ट आधी सांगतो. ती आजवर आम्ही चारचौघांत सांगितलेली नाही, कारण तीत आमची शोभा नाही.

१९८९ सालची ती गोष्ट. याच गावात आमच्याकडे चौथीचा वर्ग होता. वर्गात एक मुलगी होती. वडील मागावर रात्रपाळी करीत, आई कांड्या भरी. मुलगी मोठी चुणचुणीत. एकोणतीसचा पाढा न अडखळता म्हणे. एके दिवशी शेजारच्या मुलीने तक्रार केली की, हिच्या डोक्यात उवा आहेत. आम्ही त्या काळी स्वच्छतेचे मोठे अभिमानी! तिला भर वर्गात उभे केले, दाराशी एकटीला बसविले आणि बजावले की, डोके साफ झाल्याखेरीज वर्गात पाऊल टाकू नये. दोन दिवसांनी ती आली ती डोक्याला रुमाल बांधून. मधल्या सुटीत कोणा व्रात्य मुलाने तो रुमाल ओढला. डोक्याचा गोटा केलेला होता. सारा वर्ग हसला. खरे सांगावयाचे तर क्षणभर आम्हांसही हसू आले.

त्या दिवसानंतर ती शाळेत आली नाही. आठवड्याने आम्ही तिच्या घरी गेलो, तो ती आईशेजारी बसून कांड्या भरीत होती. आईने पाण्याचा तांब्या पुढे केला आणि एवढेच म्हणाली, “गुरुजी, उवा गेल्या. शाळापण गेली.” आम्ही पुष्कळ समजूत घातली, मुलगी मान वर करीना. उपयोग झाला नाही तो झालाच नाही.

तेव्हा जे आम्हांस ठाऊक नव्हते, ते आज सांगतो. उवा म्हणजे अस्वच्छतेची शिक्षा नव्हे. धुतलेल्या डोक्यातही त्या तितक्याच सुखाने राहतात. त्या उडत नाहीत, उड्या मारीत नाहीत. डोक्याला डोके लागले की इकडून तिकडे चालत जातात. म्हणून खेळणाऱ्या, एकत्र निजणाऱ्या मुलांत त्या पसरतात. त्यासाठी केस कापण्याचे मुळीच कारण नाही. केस ओले करून बारीक दातांच्या फणीने मुळापासून टोकापर्यंत दर तीन-चार दिवसांनी निदान दोन आठवडे विंचरावेत. औषध लावल्यास ते सात ते दहा दिवसांनी पुन्हा लावावे लागते, कारण लिखांतून नव्या उवा निघण्यास तितका काळ लागतो. घरातील सर्वांची डोकी एकाच दिवशी पाहावीत. रॉकेल अथवा ढेकणांचे औषध डोक्यास लावण्याचा अघोरी प्रकार कोणीही करू नये. इतके साधे हे काम. एका फणीने जे झाले असते, ते आम्ही एका मुलीच्या शिक्षणाचे मोल घेऊन केले.

आता केस म्हणजे काय, हे थोडक्यात पाहू. माणसाच्या डोक्यावर सुमारे एक लक्ष केस असतात. केसाचा जो भाग डोळ्यांस दिसतो तो निर्जीव आहे. नखे ज्या द्रव्याची होतात, त्याच केराटिन नावाच्या प्रथिनाचा तो धागा. जिवंत भाग कातडीखाली, मुळाशी. यावरून दोन गोष्टी उघड होतात. पहिली अशी की, वरून लावलेले तेल धाग्याचे रक्षण करते, परंतु मुळाचे पोषण रक्तातून, म्हणजे ताटातल्या अन्नातूनच होते. दुसरी अशी की, जावळ काढल्याने अथवा वस्तरा फिरविल्याने केस दाट येतात ही समजूत खरी नव्हे. कापलेले टोक बोथट असते म्हणून नवा केस हाताला राठ लागतो, इतकेच. जावळ हौसेने काढावे. दाटपणाची आशा त्यावर ठेवू नये.

केस महिन्यास सुमारे एक सेंटिमीटर वाढतो. प्रत्येक केसाचे वाढीचे आयुष्य दोन ते सहा वर्षे. मग दोन-तीन आठवड्यांत वाढ आवरती घेऊन तो सुमारे तीन महिने विसावा घेतो आणि गळतो. त्याच जागी नवा उगवतो. शाळेच्या भाषेत सांगावयाचे तर शंभरातील पंच्याऐंशी-नव्वद केस वर्गात हजर असतात, उरलेले सुटीवर. दररोज पन्नास ते शंभर केस गळणे हे निरोगी माणसाचे लक्षण आहे. तेव्हा फणीत चार केस दिसताच घाबरून जाऊ नये.

परंतु मोठा ताप, टायफॉइड, शस्त्रक्रिया, अतिशोक किंवा एकाएकी केलेली उपासमार असे काही शरीरावर ओढवले की, पुष्कळ केस एकदमच सुटीवर जातात. ते लगेच गळत नाहीत. दोन-तीन महिन्यांनी गळतात. २०२०-२१ च्या कोरोनाच्या साथीनंतर घरोघरी हेच झाले. रोगी बरा होऊन हिंडू-फिरू लागला आणि मग मूठ-मूठ केस हातात येऊ लागले. लोकांनी दोष दिला तो साबणाला आणि पाण्याला! बाळंतिणीचेही तसेच. आमच्या मातोश्री म्हणत, मूल हसू लागले की आईचे केस जातात. मूल हसू लागते ते दोन-तीन महिन्यांचे झाल्यावर. तेव्हा त्यांच्या बोलण्यात हिशेब बरोबर होता. हे केस बहुधा सहा महिने ते वर्षभरात परत येतात. म्हणून गळती सुरू झाली की काल कोणते तेल लावले ते आठवीत बसू नये; तीन महिन्यांपूर्वीचे कॅलेंडर उघडावे.

यास्तव आम्ही केसांना शरीराचे खबरपत्र म्हणतो. आत काय चालले आहे त्याची खबर ते बाहेर आणतात, कधी उशिरा तर कधी तत्काळ. तत्काळ खबर आल्याचे उदाहरण आपल्याच महाराष्ट्रात नुकतेच घडले आहे. डिसेंबर २०२४ व जानेवारी २०२५ या महिन्यांत बुलढाणा जिल्ह्यात, शेगाव परिसरातील बोंडगाव, कालवड, हिंगणा आदी गावांतील माणसांचे केस एकाएकी गळू लागले. प्रथम डोके खाजे, मग केस नुसत्या हाताने निघत आणि तीन-चार दिवसांत टक्कल पडे. सुमारे अठरा गावांतील पावणेतीनशेहून अधिक लोकांची नोंद झाली. लहान मुले, तरुण मुली, म्हातारे, कोणी सुटले नाही. तो भाग खारपाण पट्ट्यातला, म्हणून संशय पाण्यावर गेला. कोणी बुरशी म्हटले, कोणी शॅम्पू. भारतीय वैद्यक संशोधन परिषदेचे पथक येऊन नमुने घेऊन गेले.

विंचूदंशावरील संशोधनाने जगभर नाव मिळविलेले आणि २०२२ साली पद्मश्री लाभलेले महाडचे डॉ. हिंमतराव बावस्कर यांनीही या गावांत जाऊन तपास केला. रोग्यांच्या रक्तात, लघवीत आणि केसांत सेलेनियम या मूलद्रव्याचे प्रमाण फार वाढलेले त्यांना आढळले, आणि जस्ताचे कमी. सेलेनियम शरीरास लागते, परंतु कणभर. अधिक झाले की ते विष होते आणि केस व नखे यांवर प्रथम घाला घालते. त्याचा उगम रेशनवर आलेल्या परप्रांतीय गव्हात आहे, असा निष्कर्ष डॉक्टरांनी मांडला. पुढे एप्रिल २०२५ मध्ये त्याच भागातून नखे गळाल्याच्याही बातम्या आल्या. पुष्कळांचे केस नंतर पुन्हा उगवले. यातील बोध असा की, ज्या डोक्यांना आपण तेल आणि शॅम्पू विचारीत होतो, त्यांचे उत्तर ताटात होते.

आपल्या घरांतही ते बहुधा ताटातच असते. २०१९-२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत पंधरा ते एकोणपन्नास वयाच्या भारतीय स्त्रियांपैकी शेकडा ५७ जणींना रक्तक्षय आढळला. लोह कमी पडले की केस विरळ होऊ शकतात. ज्या घरात बाई सर्वांच्या मागून, उरलेसुरले जेवते, त्या घरात तिची वेणी वर्षागणिक बारीक होत गेलेली आम्ही पाहिली आहे. डाळ, हरभरा, मटकी, माठ, शेवग्याचा पाला, अंडी, खाणाऱ्यांना मासळी, आणि सोबत लिंबाची फोड अथवा आवळा, म्हणजे लोह अंगी लागते. जेवणावर लगेच चहा घेऊ नये. तो लोहास अडवितो. ही पथ्ये कोणत्याही महागड्या बाटलीहून स्वस्त आहेत.

आता बाहेरच्या निगेविषयी. आठवड्यातून दोनदा, घामाधुळीत काम असल्यास तीनदा, कोमट पाण्याने डोके धुवावे. शिकेकाई आणि रिठा यांत फेस आणणारे द्रव्य निसर्गतःच असते. ती उत्तमच, मात्र डोळे जपावेत. शॅम्पूला विलायती म्हणून नाक मुरडण्याचेही कारण नाही. ‘चांपणे’ हा आपल्याच देशातला शब्द इंग्रजीत जाऊन शॅम्पू झाला आहे. अंगाचा साबण मात्र डोक्यास लावू नये. ज्या इमारतींत बोअरिंगचे जड पाणी येते, तेथे साबणाचा चिकट साका केसांवर बसतो व केस राठ होतात. शेवटचे दोन तांबे तरी नळाच्या गोड पाण्याचे घ्यावेत.

खोबरेल हे कोकणपट्टीचे जुने धन. मुंबईतील रेळे व मोहिले या संशोधकांनी २००३ साली प्रसिद्ध केलेल्या निबंधात असे दाखविले की, खोबरेल तेल केसाच्या आत शिरते आणि धुताना होणारी प्रथिनांची झीज कमी करते. खनिज तेलाने व सूर्यफुलाच्या तेलाने तसे होत नाही. हे संशोधक खोबरेल विकणाऱ्या कंपनीतलेच होते, हेही सांगितले पाहिजे. तथापि त्या तेलाचा गुण मान्य झालेला आहे. धुण्यापूर्वी काही तास थोडे तेल केसांना, विशेषतः टोकांना लावावे. डोक्यात कोंडा असेल तर मात्र तेल थापू नये. कोंड्यास कारण होणारी सूक्ष्म बुरशी तेलावरच पोसते. अशा वेळी डॉक्टरांनी सांगितलेला औषधी शॅम्पू वापरावा.

ओला केस कच्चा असतो. तो खसाखसा पुसू नये. मोठ्या दातांच्या कंगव्याने आधी टोके, मग मधला भाग, मग मूळ या क्रमाने गुंता सोडवावा. मुलींच्या वेण्या इतक्या ताणून घालू नयेत की भुवया वर चढाव्यात. सततच्या ओढीने कपाळाकडचे केस कायमचे जातात. रात्री वेणी सैल करावी. कारखान्यात काम करणाऱ्या भगिनींनी आणि भावांनी केस बांधून वर फडके गुंडाळावे. एक तर रुई डोक्यात बसत नाही. आणि दुसरे, अधिक महत्त्वाचे, फिरत्या यंत्रात मोकळी वेणी अडकणे हा जिवावरचा प्रसंग आहे.

केस काळे करणाऱ्यांस एक इशारा. बाजारात ‘काळी मेंदी’ म्हणून जे मिळते, त्यातील काळेपणा मेंदीचा नसतो. मेंदीचा रंग तांबूस. काळा रंग बहुधा एका रसायनाचा असतो, आणि काहींना त्याने चेहरा सुजण्यापर्यंत त्रास होतो. कानामागे थेंबभर लावून दोन दिवस वाट पाहावी. खाज सुटल्यास ते पुडके फेकून द्यावे. पांढरे केस हा काही अपराध नव्हे.

डॉक्टरांकडे केव्हा जावे? डोक्यावर नाण्याएवढी गुळगुळीत चकती पडली, जिला आपण चाई म्हणतो, तर. मुलाच्या डोक्यात खवले येऊन केस तुटत असतील तर, कारण तो नायटा असून त्यास पोटातून औषध लागते. केसांबरोबर थकवा, वजनात फरक अथवा पाळीत बिघाड असेल तर, कारण दोष थायरॉईड ग्रंथीचा अथवा रक्ताचा असू शकतो. चाई कोणी चाटल्याने अथवा किड्याने खाल्ल्याने होत नाही; शरीराची संरक्षक शक्तीच चुकून केसांच्या मुळांवर उलटते. ती स्पर्शाने दुसऱ्यास होत नाही. पुरुषांचे कपाळापासून मागे सरकणारे टक्कल बव्हंशी आनुवंशिक असते, आणि तो वारसा पित्याकडूनच येतो असे नव्हे, मातेकडूनही येतो. त्यावर काही औषधे आहेत. ती लवकर व डॉक्टरांच्या सल्ल्याने घेतली तर उपयोग होतो. पंधरा दिवसांत केस उगवून देणाऱ्या जाहिरातवाल्याने प्रथम आमच्या डोक्यावर प्रयोग करावा. आम्ही तयार आहोत.

इथवर निगेचे झाले. आता मनातले बोलतो. केसांनी शरीराची खबर द्यावी, हे त्यांचे काम. आपण समाज म्हणून त्यांना दुसरेच काम लावले. माणसाची किंमत सांगण्याचे. याच महाराष्ट्रात विधवेचे केशवपन करून तिला कुरूप करण्याची रूढी होती. त्या रूढीविरुद्ध १८९० साली मुंबईतील नाभिक बंधू, सत्यशोधक पुढारी नारायण मेघाजी लोखंडे यांच्या पुढाकाराने, सभेत एकत्र आले आणि विधवांच्या डोक्यावर वस्तरा चालविणार नाही असे त्यांनी ठरविले. हातावर पोट असलेल्या माणसांनी आपल्या मिळकतीवर पाणी सोडून हे केले. ज्यांच्या हाती वस्तरा होता त्यांनी तो खाली ठेवला. ज्यांच्या हाती नुसती जीभ आहे, त्यांना ती आवरणे जड का जावे?

बुलढाण्यातील त्या मुलींचे काय झाले? कॉलेज सुटले, लोक गावाकडे येईनासे झाले, काहींची ठरलेली लग्ने अडली असे त्या वेळी वर्तमानपत्रांतून आले. अन्नातून विष गेले आणि शिक्षा झाली मुलींना. आपण म्हणू, ते दूर विदर्भात. परंतु आपल्या वधू-वर परिचयाच्या पत्रकात पाहा. वर्ण व उंचीचे रकाने त्यात आहेत. केसांचा रकाना नाही. तरी तो पाहणाऱ्यांच्या मनात छापलेला असतो. चाई असलेल्या मुलीला ओढणी घेऊन बसवितात, आणि ओढणी सरकताच चहा घेतलेली मंडळी “कळवितो” म्हणून उठतात. टक्कल पडलेल्या मुलाचेही हाल थोड्याफार फरकाने तेच. मुलीचे शिक्षण, स्वभाव, कर्तबगारी ही सारी त्या एका चकतीपुढे फिकी पडतात. हे आपल्याला शोभत नाही.

म्हणून मंडळापुढे दोन नम्र सूचना ठेवतो. पहिली, दरवर्षी स्नेहसंमेलनाच्या दिवशी बारा वर्षांवरील सर्व मुलींच्या व मातांच्या हिमोग्लोबिनची तपासणी व्हावी. खर्च फार येत नाही, आमचा वाटा आम्ही आजच चिटणीसबाईंकडे देत आहोत. दुसरीस खर्च मुळीच नाही. आपल्या घरात, आपल्या मेळाव्यात कोणाच्या केसांवरून कोणी हसू नये आणि केसांवरून जमलेले स्थळ मोडू नये.

त्या चौथीतल्या मुलीनंतर आम्ही वर्गाच्या कपाटात एक फणी ठेवली. ज्या मुलीच्या डोक्यात उवा दिसतील तिच्या आईस शाळा सुटल्यावर एकटीस बोलावून ती द्यावी, कशी वापरावी ते सांगावे, आणि वर्गात त्याचा उच्चारही करू नये, असा नेम केला. सेवानिवृत्त होईपर्यंत तो पाळला. ती मुलगी आज पंचेचाळिशी ओलांडलेली असेल. कदाचित याच गावात असेल. तिची भेट झाली तर काय बोलावे ते आम्हांस अजून सुचलेले नाही. तिच्यासमोर जे बोलता आले नाही, ते आज आपल्यासमोर बोललो.